कोर्टात सोबत बसणारं माणूस: क्रिमिनॉलॉजी शिकून पीडित सहाय्याच्या कामात कसं यायचं

दर वर्षी निकाल लागले की मला दोन-चार फोन ठरलेले असतात. यंदाचा पहिला निफाडहून आला. मुलीचे वडील बोलत होते. "ताई, पोरीनं क्रिमिनॉलॉजी केलं. पोलीस भरती दे म्हटलं तर नको म्हणते. वकिलीला अजून तीन वर्षं. तिला म्हणे ज्याच्यावर गुन्हा होतो त्या माणसासाठी काम करायचंय. असं काही काम असतं का हो? आणि त्यात पोट भरतं का?"

असतं. गेली बारा वर्षं मी नाशिकमध्ये तेच करते आहे. पोटापाण्याचंही सांगते, पण आधी हे काम नेमकं काय ते सांगायला हवं. ते न कळता आलेली चांगली चांगली पोरं सहा महिन्यांत निघून गेलेली मी पाहिली आहेत.

पहिली अडचण नावापासूनच सुरू होते. मोबाइलवर शोधलं की आधी अमेरिकेची माहिती समोर येते. तिथे 'व्हिक्टिम ॲडव्होकेट' हे सरळ पदाचं नाव आहे. १९८४ साली तिथे कायदा झाला, गुन्हेगारांकडून वसूल होणाऱ्या दंडातून एक निधी उभा राहिला आणि त्या पैशातून सरकारी वकिलांच्या कचेऱ्यांत, रुग्णालयांत, संस्थांत पीडितांसोबत राहणारी माणसं नेमली गेली. आपली पोरं हे वाचतात आणि त्याच नावाची जाहिरात नाशिकमध्ये शोधत बसतात. हाती काही लागत नाही. त्यात आपल्याकडे ॲडव्होकेट म्हणजे सनद घेतलेला वकील, त्यामुळे घरच्यांचाही गोंधळ होतो. आपल्याकडे हे काम आहे, पण ते पाच-सात वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेलं आहे. ती नावं पुढे येतीलच.

खटल्यात पीडित कुठे असते?

फिर्याद नोंदवली गेली की खटला 'महाराष्ट्र शासन विरुद्ध आरोपी' असा होतो. तपास पोलिसांचा, बाजू मांडणार सरकारी वकील. आरोपीला त्याचा वकील असतो, परवडत नसेल तर सरकारी खर्चाने मिळतो. आणि जिच्यावर बेतलं ती? ती साक्षीदार. समन्स आलं की यायचं, विचारलं तेवढं सांगायचं, अंगठा किंवा सही करून घरी जायचं. पुढे काय झालं हे तिला कळवायला कुणी बांधील आहे असं कित्येक वर्षं कुणाला वाटतच नव्हतं.

हे बदलायला आपल्या राज्यातल्याच एका प्रकरणाने सुरुवात झाली. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. रस्त्यावर बायका उतरल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. तोही बदल मुख्यतः शिक्षेचा आणि पुराव्याचा होता. पीडितेला सोबत कुणाची, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात मिळतं. दिल्लीच्या घरकामगार महिलांच्या संघटनेने केलेल्या याचिकेवर न्यायालयाने सांगितलं की अशा गुन्ह्यात तक्रारदार बाईला फौजदारी प्रक्रिया माहीत असलेल्या माणसाची मदत मिळाली पाहिजे. पुढे काय होणार हे त्याने तिला समजावून सांगावं, पोलीस ठाण्यात तिच्यासोबत असावं, समुपदेशन आणि औषधोपचार कुठे मिळतील ते दाखवावं. मी नवीन मुलामुलींना तो परिच्छेद वाचायला देते, कारण आमच्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.

पुढे २००९ च्या शेवटी फौजदारी प्रक्रिया संहितेत 'पीडित' या शब्दाची व्याख्याच आली. तीत पालक आणि कायदेशीर वारसही धरले गेले, म्हणजे खून झालेल्या माणसाची आईसुद्धा कायद्याने पीडित ठरली. आरोपी सुटला तर अपील करण्याचा हक्क तिला मिळाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिने हे हक्क पुढे चालवले आणि काहींची भर घातली. एफआयआरची प्रत पीडितेला मोफत द्यायची. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तिला कळवायचं. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर आधी तिचं म्हणणं ऐकायचं. सरकारी वकिलाला मदत करायला ती स्वतःचा वकील देऊ शकते.

हक्क कागदावर भरपूर आहेत. पण पेठ तालुक्यातल्या पाड्यावरून आलेल्या बाईला ते सांगणार कोण? ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे उभी असताना तिला '९० दिवसांत मला कळवा' असं म्हणायचं सुचेल का? कायद्याने दिलेलं आणि हातात पडलेलं यांच्यामधल्या जागेत आमची नोकरी आहे.

एका केसच्या सोबतीने

एका केसवरून सांगते. मुलीची ओळख लागू नये म्हणून गाव, वय, सगळं बदललं आहे. अत्याचाराच्या गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही छापणं हा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा गुन्हा आहे. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटोही त्यात येतो. या कामात येणाऱ्याने सर्वात आधी आपल्या जिभेला आणि मोबाइलला ही सवय लावायची.

मुलगी अकरा वर्षांची, आईवडील सुरगाण्याकडचे, हंगामाला दिंडोरीत द्राक्षबागेवर कामाला. घटना तिथलीच. आईने पोरीला घेऊन नातेवाइकाकडे नाशिक गाठलं आणि शहरातल्या ठाण्यात गेली. आता नाशिक शहराला पोलीस आयुक्त वेगळे आणि ग्रामीणला अधीक्षक वेगळे. "हद्द आमची नाही, दिंडोरीला जा," हे वाक्य अशा वेळी हमखास कानावर पडतं. हद्द कुठलीही असो, गुन्हा आधी नोंदवून घ्यायचा आणि मग तिकडे पाठवायचा, ही झीरो एफआयआरची तरतूद आता कायद्यातच आहे. ती त्या आईला ठाऊक असण्याचं कारण नाही. आमच्यापैकी कुणी सोबत असेल तर आवाज न चढवता तेवढं एक वाक्य बोलायचं असतं, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

मूल असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, लागतो. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता. चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. वैद्यकीय तपासणी विश्वासातल्या माणसासमोर, मुलगी असेल तर महिला डॉक्टरने करायची. दोन बोटांची तपासणी सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच अमान्य ठरवली आहे आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावून सांगितलं आहे.

यापुढे येतो 'सपोर्ट पर्सन'. २०२० च्या पॉक्सो नियमांप्रमाणे बाल कल्याण समिती मुलासाठी असा माणूस नेमते. तपासापासून निकालापर्यंत तो त्या कुटुंबासोबत राहतो आणि समितीला दर महिन्याला अहवाल देतो: मूल शाळेत जातंय का, झोपतंय का, घरावर कुणाचा दबाव येतोय का. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अशी सोबत हवी की नको हे फक्त पालकांच्या मर्जीवर सोडायचं नाही, आणि ती मिळते हे प्रत्येक कुटुंबाला सांगितलंच पाहिजे. नियमातली एक तरतूद मला फार आवडते. मुलाला आपला सपोर्ट पर्सन नको असेल तर तो बदलून मागता येतो आणि कारण सांगावं लागत नाही. ज्या मुलाचं कुणी ऐकलं नव्हतं त्याचा 'नको' इथे कारण न विचारता मानला जातो.

त्या मुलीची साक्ष लागली तेव्हा दोषारोपपत्र दाखल होऊन बरेच महिने गेले होते. पहिलं समन्स परत आलं. शेरा होता, 'सदर इसम गावी मिळून आले नाहीत.' मिळणार कसे? ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत ते कुटुंब पाड्यावर नसतंच. एप्रिलमध्ये खरड छाटणीला पुन्हा खाली उतरतं, मधल्या काळात कधी निफाड, कधी दिंडोरी. हे पोलीस ठाण्याच्या नोंदीत नव्हतं, माझ्या वहीत होतं. मुकादमाचा नंबर, मामाचा नंबर, बाग कुणाची. मी तो पत्ता पैरवी अंमलदाराला, म्हणजे कोर्टातलं काम बघणाऱ्या पोलिसाला, दिला आणि समन्स पोहोचलं. आईबाप तारखेला आले नाहीत तर गावात लगेच 'मिटवलं वाटतं' अशी कुजबुज सुरू होते. साक्षीदार फितूर झाला असं आपण पटकन म्हणतो. कितीतरी वेळा तो फक्त द्राक्षबागेत असतो.

साक्षीच्या दोन दिवस आधी, कामकाज संपल्यावर, परवानगी घेऊन आम्ही तिला रिकामी कोर्टरूम दाखवली. ती दारातच थबकली. मग हळूच आत आली, छताकडे बघून पंखे मोजले, सहा होते. साहेब कुठे बसणार, मी कुठे, वकील कुठे, सगळं विचारून घेतलं. शेवटी विचारलं, "तो कुठं बसंल?" मी पडदा दाखवला. मुलाला साक्षीच्या वेळी आरोपी दिसता कामा नये असं कायदा सांगतो. ती पडद्यामागे जाऊन उभी राहिली आणि तिथून आईला म्हणाली, "मी दिसते का?" आई म्हणाली, नाही. तेव्हा ती बाहेर आली आणि पहिल्यांदा पाणी प्यायली.

यातला एकही शब्द साक्षीत काय सांगायचं याबद्दल नव्हता, आणि ही रेघ कधीही ओलांडायची नाही. मी नवीन असताना एका मुलाला बाहेर बाकावर बसून सहज विचारलं होतं, "तेव्हा नेमकं काय झालं होतं रे?" त्याला धीर यावा म्हणून. सरकारी वकील बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येतो: तुला कुणी शिकवलं? बाहेर त्या ताईंशी काय बोललास? मुलाने खरंच सांगितलं, तरी बोलणं झालं होतं एवढ्यावरून सगळी साक्ष पढवलेली ठरवायचा प्रयत्न होतो. माझ्या प्रेमळ प्रश्नाने त्या मुलाची केस धोक्यात आली असती. तेव्हापासून घटना काय घडली हे मी कुणालाही विचारत नाही. स्वतःहून बोललं तर ऐकते, तारीख घालून नोंदवते, आणि गरज असेल तर तपासी अधिकाऱ्याला कळवते.

साक्ष बंद दालनात होते. पॉक्सोमध्ये वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचे नसतात, ते न्यायाधीशांमार्फत जातात. मध्ये विश्रांती मागता येते. साक्षीला जाण्यायेण्याचा भत्ता मागता येतो, तोही कितीजणांना ठाऊक नसतो. सुरगाण्याहून पहाटेची एसटी धरून नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरलेल्या मजुरासाठी बुडालेला रोज आणि तिकीट ही मोठी गोष्ट असते.

आणि भाषा. त्या घरात कोकणा बोलतात. शाळेमुळे मुलीला मराठी येत होतं, आईला कामापुरतं. कोर्टात 'अंगलट' आणि 'अंगझटी' यांत फरक पडतो, एका शब्दाने कलम बदलतं. अशा साक्षीला दुभाषा घेण्याची तरतूद आहे, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाषे, विशेष शिक्षक, सपोर्ट पर्सन यांची यादी ठेवायची असते. म्हणून सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वरकडच्या शिकलेल्या मुलामुलींना माझं मनापासून सांगणं आहे, तुमची घरची बोली ही या कामातली मोठी पात्रता आहे. शहरातून गेलेली मी वर्षभरात जेवढं समजून घेईन तेवढं तुम्हाला ओसरीवर बसल्या बसल्या कळतं.

निकाल लागला तरी काम संपत नाही. नुकसानभरपाई राहते. राज्य सरकारची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. बलात्कार, मुलांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांना तिच्यातून मदत मिळते, ठरावीक गंभीर प्रकरणांत १० लाखांपर्यंत. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. कायद्यातली पीडित नुकसानभरपाईची तरतूद त्याहून व्यापक आहे, आरोपी सापडलाच नाही तरी अर्ज करता येतो. आणि हे सगळं अडतं कुठे? आधारवर नाव एक, पासबुकावर दुसरं. बाप अंगठेबहाद्दर आणि खातं बंद पडलेलं. मी अशा एका खात्यासाठी आईला घेऊन बँकेत चार हेलपाटे घातले आहेत. त्यात कायद्याचं ज्ञान काही कामाला आलं नाही, चिकाटी आली.

ही पदं कोणकोणत्या नावांनी असतात

'सखी' वन स्टॉप सेंटर २०१५ पासून आहेत, आता ती केंद्राच्या मिशन शक्ती या योजनेखाली चालतात. तिथे केस वर्कर, समुपदेशक, कायदेशीर मदतनीस अशी पदं असतात. संकटातल्या बाईला औषधोपचार, पोलीस, वकील आणि काही दिवसांचा निवारा एका छताखाली मिळावा हा हेतू. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि १०९८ ही चाइल्डलाइन, इथेही फोन घेणारी आणि मग धावत जाणारी माणसं लागतात.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्यात संरक्षण अधिकारी हे पद आहे. घरगुती घटनेचा अहवाल लिहिणं, बाईचा अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे नेणं, आदेशाची अंमलबजावणी पाहणं ही त्यांची कामं. ही पदं महिला व बाल विकास विभागाची, पुण्याच्या आयुक्तालयाच्या जाहिरातींवर नजर ठेवायची. परिविक्षा अधिकाऱ्यांची (प्रोबेशन ऑफिसर) भरतीही तिथूनच होते.

महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पोलीस ठाण्याच्या आवारातच समाजकार्यकर्ती बसवायची ही कल्पना देशात पहिल्यांदा आपल्याकडे रुजली. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, मग तो राज्यभर पसरला आणि नंतर इतर राज्यांनी उचलला. रुग्णालयाच्या बाजूने असंच काम मुंबईत 'दिलासा' केंद्रांनी केलं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ते सुरू झालं. मार लागून आलेल्या बाईला मलमपट्टी करणाऱ्यांनीच 'हे लागलं कसं' हे नीट, एकांतात विचारावं, ही त्यामागची साधी कल्पना.

सपोर्ट पर्सनबद्दल वर सांगितलं. पात्रतेकडे मात्र क्रिमिनॉलॉजीच्या मुलांनी नीट बघा. मार्गदर्शक सूचनांत समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा बालविकास यांतली पदव्युत्तर पदवी मागितली आहे, नाहीतर कुठलीही पदवी आणि मुलांचं शिक्षण, विकास किंवा संरक्षण यातला ३ वर्षांचा अनुभव. क्रिमिनॉलॉजीचं नाव त्यात नाही. म्हणजे तुमचा रस्ता अनुभवाच्या दारातून जातो, किंवा एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करून.

अनुभव मिळवायला माझ्या मते सगळ्यात चांगली जागा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची. प्रत्येक जिल्हा न्यायालयात ते असतं. पॅरालीगल व्हॉलंटिअर म्हणजे विधी स्वयंसेवक म्हणून निवड झाली की प्रशिक्षण मिळतं, केलेल्या कामाच्या दिवसाचं मानधन मिळतं. तिथे बसून तुम्हाला कळतं की माणसं नेमकं काय विचारत येतात. बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे साधं वाक्य दिवसातून वीस वेळा सांगावं लागतं.

याशिवाय ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचं स्वतंत्र कलम आहे. सायबर फसवणुकीत १९३० वर लगेच फोन लावून पैसे गोठवायला मदत करणं हेही आता पीडित सहाय्यच झालं आहे. अपघातात कर्ता गेलेल्या घराचा दावा उभा करणंही त्यातच येतं. आणि सिंहस्थाच्या गर्दीत हरवलेल्या मुलांच्या मदतकेंद्रावर काही दिवस काढणं ही नवशिक्यासाठी मोठी शाळा आहे, संधी आली तर सोडू नका.

तुमच्या पदवीने काय दिलं, काय दिलं नाही

क्रिमिनॉलॉजीने तुम्हाला नकाशा दिला. एफआयआर, पंचनामा, रिमांड, दोषारोपपत्र, आरोपनिश्चिती, साक्ष, युक्तिवाद, निकाल, अपील हा रस्ता तुम्हाला तोंडपाठ आहे. नाशिकच्या न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ का लागतो हे तुम्ही घाबरलेल्या आईला सांगू शकता. समाजकार्य शिकून आलेल्या मुलांना हे शिकायला वर्ष जातं. ही तुमची मोठी जमेची बाजू.

पण तुमचा सगळा अभ्यास गुन्हेगाराभोवती फिरलेला असतो. त्याने का केलं, त्याला सुधारायचं कसं, तुरुंग कसे असावेत. पीडितशास्त्राचा एखादा पेपर असतो, तोही बऱ्याचदा 'पीडित व्यक्ती गुन्ह्याला कशी कारण ठरते' या जुन्या वळणाचा. त्याचा एक वाईट संस्कार राहतो. समोर रडणारी बाई बसली की तुम्ही मनात प्रश्न जुळवायला लागता: उशिरा का आली, आधी का नाही सांगितलं, जबाबात तर वेगळं होतं. ते प्रश्न विचारायला पोलीस आहेत, बचावाचा वकील आहे. आपण विचारायचं ते एवढंच की आज रात्री झोपायला सुरक्षित जागा आहे का, जेवलात का, घरी कुणाला माहीत आहे. अत्याचार झालेल्या माणसाला घटनाक्रम सलग आठवत नाही, तारखा इकडेतिकडे होतात, कधी हसूही येतं. हे खोटेपणाचं लक्षण धरायचं नाही, हे अंगात मुरायला वेळ लागतो.

म्हणून पुढचं शिक्षण घेणार असाल तर माझं मत एमएसडब्ल्यूकडे झुकतं. टाटा संस्थेत क्रिमिनॉलॉजी आणि न्याय हाच विशेष विषय घेऊन समाजकार्याची पदव्युत्तर पदवी करता येते. मुंबईचा खर्च झेपणार नसेल तर नाशिकमध्येही समाजकार्याची पदवी मिळते, आणि क्षेत्रकार्याला कोर्ट, रुग्णालय, बालगृह मागून घ्यायचं. वकिली केलीत तर पीडितेचा वकील म्हणून सरकारी वकिलाला मदत करता येते. तेही फार गरजेचं काम आहे, पण तो रस्ता वेगळा. दोन्ही एकाच वेळी एकाच केसमध्ये करू नका.

आणि वही ठेवायला शिका. तारीख, वेळ, कुणी काय सांगितलं, पुढची तारीख कोणती. एफआयआरची प्रत, पासबुकाची झेरॉक्स, आधार, शाळेचा दाखला, सगळं एका फाइलमध्ये. बायका घरून हाकलल्या जातात तेव्हा कागद घेऊन निघत नाहीत. तीन वर्षांनी तो कागद फक्त तुमच्याकडे असतो.

पोटापाण्याचं

आता त्या वडिलांचा प्रश्न. यातली बरीच पदं कंत्राटी आहेत, दर वर्षी नूतनीकरणाची, आणि मानधन कधी कधी उशिरा येतं. सपोर्ट पर्सनला कुशल कामगाराच्या किमान वेतनाहून कमी द्यायचं नाही असा नियम आहे, तो माहीत असू द्या आणि मागायला लाजू नका. परिविक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी ही सरळसेवेची पदं मिळाली तर स्थिर पगार असतो, पण जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी. पहिली तीन-चार वर्षं घरच्यांचा टेकू लागतो, हे मी कुणापासून लपवत नाही. अनुभव जमला की संस्थांत प्रकल्प बघण्याची, पोलीस आणि शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची कामं मिळतात आणि बरं चालतं. इतकी जबाबदारी आणि इतकं अस्थिर मानधन हे बरोबर नाही, आणि आमच्यापैकी प्रत्येकाने हे वरपर्यंत बोलत राहिलं पाहिजे.

मनाचंही सांगते. दुसऱ्याचं दुःख रोज ऐकून आपल्याही झोपेत ते शिरतं. माझी दोन वर्षं फार वाईट गेली. आता आम्ही काहीजणी आठवड्यातून एकदा बसतो आणि केसबद्दल बोलतो, नावं न घेता. दर काही महिन्यांनी समुपदेशकाकडे जाते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. रात्री नऊनंतर फोन कुणी घ्यायचा हे ठरवून घेतलं आहे, कारण 'ताई, तुम्हीच' असं म्हणणाऱ्या प्रत्येकीला मीच पुरी पडणार असं समजणं हा तिच्यावरच अन्याय आहे. तिला ११२ लावता आला पाहिजे, आपल्या गावातलं एक माणूस सापडलं पाहिजे.

निफाडच्या त्या मुलीला मी लगेच नोकरी शोधू नकोस म्हटलं. एक आठवडा जिल्हा न्यायालयात ये. बंद दालनातले खटले सोडून बाकीच्या कोर्टात कुणालाही बसता येतं. वर आरोपी, वकील, साहेब यांच्याकडे बघू नकोस, मागच्या बाकांकडे बघ. पुकारा झाल्यावर कोण दचकून उठतं, कोण कुणाला 'आता काय झालं' म्हणून विचारतं, आणि त्याला उत्तर कोण देतं. पाच दिवस ते लिहून काढ आणि मला दाखव.

ती पाचही दिवस आली. तिच्या वहीत चौथ्या दिवशीची नोंद अशी होती: 'म्हातारे बाबा, मुलाच्या खुनाची केस, येवल्याहून. साडेदहापासून बसलेले. तीन वाजता पुढची तारीख पडली. त्यांना कळलंच नाही, ते पाच वाजेपर्यंत बसून होते. मी सांगायला गेले तर म्हणाले, बाई, तू कोण?'